एका मोसमाचं मोल

जुलै २०१८. लॉस एंजेलिसमध्ये 'जॅक इन द बॉक्स' नावाच्या बर्गरच्या दुकानाबाहेर, पार्किंगमध्ये, डेमार डेरोझन आपल्या गाडीत बसून होता. रात्र बरीच झाली होती. थोड्या वेळापूर्वी फोन येऊन गेला होता. टोरंटो रॅप्टर्सने तुला सोडलं, आता तू सॅन अँटोनिओ स्पर्सचा.

नऊ मोसम तो टोरंटोकडून खेळला होता. क्लबच्या इतिहासात सर्वांत जास्त सामने त्याचे, सर्वांत जास्त गुण त्याचे. टोरंटो हा एनबीए या बास्केटबॉल लीगमधला अमेरिकेबाहेरचा एकमेव संघ. थंडी कडाक्याची, देश दुसरा, त्यामुळे मोठा खेळाडू तिथे घडायचा आणि निघून जायचा. ट्रेसी मॅकग्रेडी गेला, व्हिन्स कार्टर गेला, ख्रिस बॉश गेला. डेरोझन राहिला. २०१६ मध्ये करार संपला तेव्हा इतर संघांच्या दारात उभंही न राहता त्याने टोरंटोशीच पाच वर्षांचा, १३ कोटी ९० लाख डॉलरचा नवा करार केला. आणि आता हा फोन. काही दिवसांपूर्वीच लास व्हेगासच्या उन्हाळी सामन्यांच्या वेळी आपल्याला कुठेही पाठवणार नाही असं सांगितलं गेलं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. संघाचा तेव्हाचा प्रमुख मसाई उजिरी याने नंतर बोलण्यात गफलत झाल्याचं मान्य करून जाहीर माफी मागितली. माफीने सौदा मात्र बदलला नाही.

या सौद्यात टोरंटोने दिलं ते असं : डेरोझन, याकोब पोल्टल नावाचा तरुण ऑस्ट्रियन सेंटर, आणि २०१९ च्या ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, जिथे कमकुवत संघांची पाळी आधी येते) पहिल्या फेरीतली एक निवड. मिळालं ते असं : कवाय लेनर्ड, डॅनी ग्रीन आणि ५० लाख डॉलर रोख. वरवर पाहिलं तर हिशोब सरळ दिसतो. लेनर्ड २०१४ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, दोनदा लीगचा सर्वोत्तम बचावपटू. डेरोझन चांगला, लेनर्ड त्याहून चांगला. मग तोलायचं काय?

तोलायचं होतं ते असं की, लेनर्ड आदल्या मोसमात ८२ पैकी फक्त ९ सामने खेळला होता. उजव्या मांडीच्या स्नायूचं दुखणं. संघाच्या डॉक्टरांचं मत एक, त्याच्या स्वतःच्या डॉक्टरांचं दुसरं, आणि त्यातून स्पर्सशी त्याचं कायमचं फाटलेलं. त्याच्या कराराचं एकच वर्ष हाती होतं. ते संपलं की तो मोकळा. तो दक्षिण कॅलिफोर्नियात वाढलेला, आणि त्याला घरी परतायचं आहे हे सगळ्या लीगला ठाऊक होतं. थोडक्यात, बरा होईल का माहीत नाही, बरा झाला तर थांबेल का माहीत नाही, अशा माणसासाठी नऊ वर्षांचा घरचा माणूस द्यायचा.

आपल्याकडच्या वाचकाला इथे आयपीएल आठवेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला तो रोखीच्या व्यवहारात. पैसे दिले, खेळाडू आणला. एनबीएत हे चालत नाही. वर्षभरात अदलाबदलीत देता येणाऱ्या एकूण रोख रकमेवर बंधन असतं आणि २०१८–१९ मध्ये ती मर्यादा ५२ लाख डॉलरच्या आसपास होती. ज्या लीगमध्ये एकेका खेळाडूचा पगार कोटींत आहे तिथे ही रक्कम म्हणजे भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीर. माणसाच्या बदल्यात माणूस द्यायचा, किंवा उद्याच्या माणसावरचा हक्क द्यायचा, एवढीच नाणी बाजारात चालतात.

त्यातही माणूस कुठलाही चालत नाही. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे. त्या मोसमात ती सुमारे १० कोटी १९ लाख डॉलर होती. जुन्या खेळाडूंना राखण्यासाठी ती ओलांडायला मुभा आहे, त्यामुळे बहुतेक चांगले संघ तिच्या वरच असतात. पण एकदा वर गेलात की अदलाबदलीत जेवढा पगार बाहेर पाठवाल, साधारण तेवढाच आत घेता येतो. त्या वेळचा नियम, या आकाराच्या सौद्यापुरता, असा होता की जाणाऱ्या पगाराच्या १२५ टक्के अधिक एक लाख डॉलर एवढीच येणाऱ्याची कमाल. आता आकडे मांडू. डेरोझनचा पगार २ कोटी ७७ लाख, पोल्टलचा जवळपास ३० लाख, मिळून ३ कोटी ७ लाख. पलीकडे लेनर्डचे २ कोटी ३१ लाख आणि ग्रीनचे १ कोटी, मिळून ३ कोटी ३१ लाख. दोन्ही बाजूंनी नियमात बसलं. टोरंटोच्या डोक्यावर २४ लाखांचा जादा पगार आला, आणि ते आधीच लक्झरी टॅक्सच्या, म्हणजे जास्त पगारावरच्या कराच्या, रेषेपलीकडे असल्याने त्यावरचा दंडही आला.

जुन्या किराणा दुकानात तराजूची दोन्ही पारडी समान येईनात तर हलक्या बाजूला काहीतरी बांधत, त्याला पासंग म्हणत. एनबीएच्या सौद्यांत असे पासंग नेहमी दिसतात. कोणाचा तरी पगार जुळवायचा म्हणून तिसराच कोणी सामान बांधून दुसऱ्या शहरात जातो. डॅनी ग्रीनकडे तेव्हा बऱ्याच जणांनी तसंच पाहिलं. लेनर्डसोबत आलेला, तिशी ओलांडलेला, एक कोटीचा भार. हा पासंग पुढे टोरंटोच्या सुरुवातीच्या पाचांत खेळला आणि त्या मोसमात त्याने तीन गुणांचे ४५ टक्क्यांहून जास्त फटके घातले. पासंगालाही वजन असतं, फक्त सौद्याच्या बातमीत ते छापून येत नाही.

पोल्टलची गोष्ट जरा वळणाची आहे, पण सांगण्याचा मोह आवरत नाही. २०११ मध्ये उजिरी डेन्व्हर नगेट्सकडे होता. तिथे त्याने कार्मेलो अँथनीला न्यूयॉर्क निक्सकडे पाठवलं आणि बदल्यात बऱ्याच गोष्टींबरोबर २०१६ चा एक हक्क घेतला : त्या वर्षी न्यूयॉर्कचा ड्राफ्टमधला क्रमांक आपल्यापेक्षा वरचा निघाला तर डेन्व्हरने तो बदलून घ्यायचा. २०१३ मध्ये उजिरी टोरंटोला आला आणि फारशा कामाच्या न उरलेल्या आंद्रेया बार्न्यानीला त्याच न्यूयॉर्कच्या गळ्यात बांधून त्याने त्याच २०१६ ची निवड मागितली. साल उजाडलं. न्यूयॉर्कचा क्रमांक सातवा, डेन्व्हरचा नववा. डेन्व्हरने जुना हक्क वापरला, सातवा घेतला आणि जमाल मरेला निवडलं. टोरंटोच्या वाट्याला नववा आला, तो पोल्टल. म्हणजे डेन्व्हरच्या उजिरीने टोरंटोच्या उजिरीला दोन पायऱ्या खाली ढकललं. मरे हा टोरंटोपासून तासा-दीड तासावरच्या किचनर गावचा पोर. २०२३ मध्ये तो डेन्व्हरकडून विजेता झाला. या धंद्यात सही केलेले कागद सही करणाऱ्यापेक्षा जास्त टिकतात.

आता सॅन अँटोनिओच्या बाजूने तराजू धरून पाहू, कारण सौदा तोलताना बहुतेक लोक एकाच पारड्याकडे बघतात. स्पर्सकडे जे होतं ती उन्हात ठेवलेली बर्फाची लादी होती. रोज थोडी कमी होणारी. लेनर्डला जायचं आहे हे उघड झाल्यावर लॉस एंजेलिसच्या संघांना भरमसाट किंमत देण्याचं कारणच उरलं नाही. वर्षभर थांबा, आयता येईल. बोस्टन, फिलाडेल्फिया यांची नावं चर्चेत होती, पण ज्यांच्याकडे वाढती तरुण पोरं होती त्यांनी हात आखडता घेतला. दुसरीकडे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच ६९ वर्षांचे. १९९८ पासून स्पर्सनी एकदाही प्लेऑफ चुकवली नव्हती. अशा माणसाला 'पाच वर्षांनी फळ देईल' असं कलम नको होतं, आज सावली देणारं झाड हवं होतं. डेरोझन ते झाड होता. त्याच्या कराराची तीन वर्षं बाकी होती, तो जवळपास प्रत्येक सामना खेळे आणि वीसेक गुण नेमाने काढे. तोच डेरोझनचा करार एखाद्या नव्याने बांधणी करणाऱ्या संघाला ओझं वाटला असता. इथे तो पथ्यावर पडला. एकाच माणसाची दोन दुकानांत दोन किमती, आणि दोन्ही खऱ्या.

माझ्या मते या सौद्याची किल्ली इथेच आहे. पारड्यात माणसं दिसतात, पण तोलला जातो तो काळ. स्पर्सनी तीन खात्रीची वर्षं घेतली. टोरंटोने एक बेभरवशाचं वर्ष घेतलं, आणि त्यासाठी जास्त दिलं असं वाटावं इतकं ते वर्ष टोरंटोला मोलाचं होतं. का, ते त्यांच्या मागच्या तीन उन्हाळ्यांत आहे. २०१६ मध्ये प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडने त्यांना ४–२ हरवलं. २०१७ मध्ये ४–०. २०१८ मध्ये, टोरंटोने नियमित मोसमात ५९ सामने जिंकल्यानंतर, पुन्हा ४–०. तिन्ही वेळा समोर लेब्रॉन जेम्स. शेवटच्या पराभवानंतर प्रशिक्षक ड्वेन केसी यांना काढलं गेलं, आणि पुढच्या महिन्यात त्यांनाच वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा किताब मिळाला. इतकं चांगलं असूनही पुरेसं नसणं कसं असतं, याचं याहून बोलकं उदाहरण शोधावं लागेल. आणि मग त्याच जुलैत लेब्रॉन टोरंटोचा पूर्व विभाग सोडून लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. दार उघडलं होतं. किती काळ उघडं राहील, कोणी सांगावं?

उजिरीच्या जागी बसून शक्यता मांडू. लेनर्डचा पाय बरा झाला आणि तो थांबलाही, तर प्रश्नच मिटला. पाय बरा झाला पण वर्षाने तो गेला, तर एक मोसम विजेतेपदाची खरी संधी आणि मग रिकामा खिसा. पाय बराच झाला नाही, तर वर्ष वाया. तिसरी शक्यता सगळ्यांत वाईट दिसते आणि लोक तिथेच अडकतात. पण त्या वाईट टोकाला काय होतं ते नीट पाहायला हवं. वर्षाअखेरीस लेनर्डचे सव्वादोन कोटींच्या घरातले पैसे खात्यातून उतरले असते. डेरोझन असता तर आणखी दोन वर्षं पावणेतीन कोटी चालूच राहिले असते. पास्कल सियाकम, ओ. जी. अनुनोबी आणि फ्रेड व्हॅनव्हलीट ही तरुण पोरं सौद्याबाहेर ठेवण्यात उजिरीने यश मिळवलं होतं. म्हणजे डाव फसला असता तरी नव्याने घर बांधायला जागा मोकळी आणि विटा हातात. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये ही म्हण खरी, पण आधी हातात काय आहे ते मूठ उघडून बघावं. टोरंटोच्या हातात होती ती दरवर्षीची प्लेऑफमधली हार.

ड्राफ्टची निवड देतानाही उजिरीने एक कडी घातली होती. ती निवड पहिल्या वीसांत पडली तर टोरंटोकडेच राहणार होती. म्हणजे लेनर्ड बसून राहिला आणि संघ कोसळला, तर निदान चांगला तरुण खेळाडू हातचा जाणार नव्हता. संघ जिंकत राहिला तर निवड तळाची, ती गेली काय नि राहिली काय. विम्याचा हप्ता भरणाऱ्याला हे तर्कशास्त्र शिकवावं लागत नाही. संघ खरंच जिंकला, निवड २९ वी निघाली आणि स्पर्सनी तिच्यातून केल्डन जॉन्सनला उचललं. तोही चांगला निघाला. तळाच्या निवडींतून माणसं शोधण्यात स्पर्सचा हात धरणारे कमीच. लेनर्ड स्वतः १५ वा होता.

पुढे काय झालं ते आता इतिहासात आहे. लेनर्डला ८२ पैकी ६० च सामने खेळवून, पाय जपत, टोरंटोने त्याला वसंतापर्यंत आणलं. फेब्रुवारीत मेम्फिसहून मार्क गसोल आणला, तीही अदलाबदलच. १२ मे २०१९ ला प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा सामना, गुण ९०–९०, शेवटचे क्षण. लेनर्ड उजव्या कोपऱ्याकडे धावला, सात फुटी जोएल एम्बीडच्या पसरलेल्या हातावरून त्याने चेंडू उंच फेकला आणि भोंगा वाजला. चेंडू कड्यावर आदळला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. प्रत्येक टप्प्यागणिक त्याचा जोर कमी होत गेला आणि चौथ्यानंतर तो आत पडला. लेनर्ड कोपऱ्यात उकिडवा बसून ते बघत होता. महिन्याभराने, १३ जून रोजी, ओकलंडमध्ये गोल्डन स्टेटला ११४–११० हरवून टोरंटो विजेता झाला. लेनर्ड अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. साधारण तीन आठवड्यांनी तो गेला. टोरंटो त्याला पाच वर्षांचे १९ कोटी डॉलर देऊ शकत होतं. त्याने लॉस एंजेलिस क्लिपर्सचे तीन वर्षांचे १० कोटी ३० लाख पत्करले.

यावरून उजिरी द्रष्टा होता असं म्हणायची पद्धत आहे, पण मला ती पटत नाही. तो चेंडू चौथ्या टप्प्यावर बाहेर पडला असता तर सामना जादा वेळेत गेला असता आणि काहीही होऊ शकलं असतं. अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटचा केव्हिन ड्युरांट पाचव्या सामन्यात टाच धरून बाहेर गेला, क्ले थॉम्पसनचा गुडघा सहाव्यात गेला. हे सगळं १८ जुलै २०१८ ला कोणाच्या वहीत नव्हतं. सौदा तोलायचा तर त्या दिवशीच्या वहीवरूनच तोलायला हवा, आणि त्या वहीवरूनही तो मला चांगलाच दिसतो. चेंडू बाहेर पडला असता तरी तो चांगलाच असता. फक्त हे छापायला कोणी धजावलं नसतं.

याउलट उदाहरण त्याच लेनर्डमुळे घडलं. क्लिपर्सकडे येताना त्याला सोबत पॉल जॉर्ज हवा होता, आणि जॉर्ज ओक्लाहोमा सिटीकडे होता. तिथला व्यवस्थापक सॅम प्रेस्टी याच्यासमोर बसलेल्या क्लिपर्सच्या माणसांना एका दगडात दोन पक्षी दिसत होते. जॉर्ज आणला तर लेनर्डही येणार. प्रेस्टीलाही ते दिसत होतं, आणि म्हणून त्याने एका पक्ष्याच्या नव्हे, दोघांच्या किमती लावल्या. शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा २० वर्षांचा पोरगा, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि वर दोन वर्षांचे अदलाबदलीचे हक्क. टोरंटोने एक वर्ष विकत घेतलं होतं. क्लिपर्सनी दोन-तीन वर्षांसाठी सात वर्षं गहाण टाकली. लेनर्ड आणि जॉर्ज यांच्या जोडीला क्लिपर्सला अंतिम मालिकेपर्यंत एकदाही नेता आलं नाही. दोघांच्याही पायांनी वेळोवेळी दगा दिला. २०२४ मध्ये जॉर्ज फिलाडेल्फियाला गेला, तोही मोकळा होऊन, बदल्यात काही न मिळता. क्लिपर्सकडून आलेल्या निवडींपैकी २०२२ ची बाराव्या क्रमांकाची ओक्लाहोमा सिटीने जेलन विल्यम्सवर वापरली. जून २०२५ मध्ये तो संघ विजेता झाला. गिल्जस-अलेक्झांडर लीगचाही सर्वोत्तम आणि अंतिम मालिकेचाही, आणि विल्यम्सने अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात ४० गुण काढले.

तरी क्लिपर्सना मूर्ख म्हणायची मला घाई नाही. २०१९ च्या जुलैत गिल्जस-अलेक्झांडर इतका मोठा होईल हे त्याच्या आईखेरीज कोणी छातीठोक सांगितलं असतं असं वाटत नाही. त्यांची चूक असलीच तर ती किमतीत होती. गिऱ्हाईक अडलेलं आहे हे समोरच्याला कळू देऊन ते बाजारात गेले.

डेरोझनचं काय झालं? सॅन अँटोनिओत पहिल्या मोसमात त्याने संघाला प्लेऑफला नेलं, सलग २२ वी. पुढच्या वर्षी ती माळ तुटली. २०२१ मध्ये तो शिकागोला गेला. पोल्टल २०२३ मध्ये पुन्हा टोरंटोत आला, दुसऱ्या एका सौद्यात. लेनर्ड गेल्यावर टोरंटोत कोणी त्याची फारशी निंदा केली नाही. वर्षाच्या बोलीवर आला होता, वर्षाचं काम करून गेला. डेरोझनबद्दल मात्र आजही तिथला माणूस बोलताना क्षणभर थांबतो. तराजूवर न चढलेली गोष्ट बहुधा तीच असावी. या धंद्याच्या बोलीत खेळाडूला 'ॲसेट' म्हणतात, मालमत्ता. मालमत्तेची माफी मागायची वेळ सहसा येत नाही.

२२ फेब्रुवारी २०१९ ला स्पर्सचा संघ टोरंटोला खेळायला गेला. सौद्यानंतर डेरोझन प्रथमच तिथे उतरत होता. त्याच्या नऊ वर्षांची चित्रफीत पडद्यावर दाखवली गेली आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. मग सामना सुरू झाला आणि शेवटच्या मिनिटापर्यंत अटीतटीचा राहिला. स्पर्स एका गुणाने पुढे, चेंडू डेरोझनच्या हातात. मैदानाच्या मध्याजवळ एका बाजूने काइल लाउरी आला, टोरंटोतला त्याचा सगळ्यांत जवळचा मित्र. दुसऱ्या बाजूने लेनर्ड आला. डेरोझन वळला, चेंडू क्षणभर उघडा पडला आणि लेनर्डच्या त्या प्रसिद्ध रुंद पंजाने तो काढून घेतला. पुढे रिकामं मैदान होतं. लेनर्ड एकटाच धावत गेला आणि चेंडू त्याने वरून कड्यात ठोकला. टोरंटो १२०–११७ ने जिंकलं. संध्याकाळी डेरोझनसाठी उभी राहिलेली तीच माणसं पुन्हा उभी होती, आणि डेरोझन कमरेवर हात ठेवून त्यांच्या मधोमध.